फारियांचा पुतळा आणि फारियांचं म्हणणं

आजचा विषय संमोहन उपचार आणि त्याबद्दलचे गैरसमज. तत्त्वज्ञानाच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारेल. कारण प्रश्न शेवटी कर्त्याचा आहे: संमोहनात जे घडतं ते करतं कोण? माझं म्हणणं असं की, या विषयातले बहुतेक गैरसमज एकाच मोठ्या गैरसमजाची पिल्लं आहेत.

तो मोठा गैरसमज डोळ्यांनी बघायचा असेल तर पणजीला जा. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. झगा घातलेला धर्मगुरू ताठ उभा, दोन्ही हात पुढे पसरलेले आणि खाली एक स्त्री कलंडलेली. शिल्प म्हणून जोरकस आहे, वादच नाही. पण बघणाऱ्याला वाटतं काय? त्या हातांतून काहीतरी निघतंय आणि तिला पाडतंय. आणि गंमत बघा, असं काही निघत नाही, हेच सांगण्यात या माणसाने आयुष्याची अखेरची वर्षं घालवली!

फारियांचा जन्म १७५६ सालचा, बार्देशातल्या कांदोळीचा. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये या विषयाचे जाहीर वर्ग घेऊ लागले. त्याआधी तिथे मेस्मर यांचा बोलबाला होता. शरीरात चुंबकासारखा एक सूक्ष्म द्रव वाहतो, आणि जाणता माणूस तो दुसऱ्याच्या अंगात सोडू शकतो, असा त्यांचा सिद्धांत. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए होते. त्यांनी एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेत नेलं. एक झाड 'भारलेलं' होतं. ते लांबच राहिलं, पोरगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला! समितीने निष्कर्ष काढला: द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे. आणि प्रकरण मिटलं.

फारिया इथून पुढे गेले. नुसत्या कल्पनेने माणूस खाली पडत असेल, तर ती 'नुसती' कशी? तिचा अभ्यास करायला हवा. त्यांचा निर्वाळा असा की, सामर्थ्य झोपवणाऱ्यात नसून झोपणाऱ्यात असतं. १८१९ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते गेले.

आपली भाषाही इथे आपल्याला चकवते. 'संमोहन' म्हटलं की मोहिनी, वशीकरण, जारण-मारण ही सगळी पंगत डोळ्यांसमोर येते. 'त्याने तिला संमोहित केलं' या वाक्यात तो कर्ता आणि ती कर्म. आता दुसरं वाक्य घ्या: 'आई बाळाला झोपवते.' इथेही कर्ता आईच. पण झोपतं कोण? बाळ! त्याला झोपायचंच नसेल, तर आईने रात्रभर अंगाई गावी, ते टक्क जागं. संमोहनाचं व्याकरण या झोपवण्यासारखं आहे.

पण तुलना इथेच थांबवा, कारण संमोहन ही झोप नाही. माणसाला ऐकू येतं, तो बोलतो, आणि एरवी बहुतेक गोष्टी त्याला नंतर आठवतात. 'जागच आली नाही तर?' ही भीती निराधार आहे. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ करणाऱ्या जेम्स ब्रेड यांना पुढे स्वतःलाच तो खटकू लागला, कारण त्यात झोपेचा ग्रीक शब्द दडलेला आहे.

दुसरा गैरसमज वश होण्याचा. १९६५ मध्ये ऑर्न आणि एव्हान्स या संशोधकांनी संमोहित लोकांना सांगितलं, हे आम्ल समोरच्याच्या तोंडावर फेका. बहुतेकांनी फेकलं. (आम्लाच्या जागी गुपचूप निरुपद्रवी द्रव ठेवला होता.) झालं, सिद्ध झालं? थांबा. दुसऱ्या गटाला संमोहित झाल्याचं फक्त नाटक करायला सांगितलं होतं. त्यांनीही फेकलं! का? प्रयोगशाळेत कोणाला इजा होऊ देणार नाहीत, असा त्यांचा भरवसा होता. म्हणजे काम केलं ते विश्वासाने. म्हणून निर्धास्त होऊ नका. मंत्राने माणूस बांधला जात नाही, पण विश्वासाचा गैरफायदा घेता येतो, आणि त्यासाठी संमोहनाचीही गरज नसते.

तिसरा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो: स्मृती ही कुलूपबंद पेटी आणि संमोहन तिची किल्ली. १९८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अहवाल दिला की, संमोहनात आठवलेलं साध्या आठवणीपेक्षा अधिक विश्वसनीय नसतं. तपशील वाढतात, पण त्यांत चुकीचेही असतात. आणि त्याहून वाईट म्हणजे सांगणाऱ्याची खात्री वाढते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच अशा साक्षीवर कडक बंधनं घातली होती. आता आपल्याकडच्या पूर्वजन्माच्या शिबिरांचा विचार करा. पूर्वजन्मात कोणी राणी होती म्हणाली, तर फार तर हसू येईल. पण तीच पद्धत वापरून बालपणीचा अत्याचार 'आठवला' आणि घरातल्या माणसावर आळ आला तर? आणि जिच्यावर खरंच अत्याचार झाला आहे, तिची साक्षही त्यामुळे संशयात सापडते. दोन्ही बाजूंनी अन्यायच.

आता आपल्या बुद्धिवादी मित्रांकडे वळतो. 'सगळं थोतांड' म्हणणारेही पुतळाच बघतात. हातातून काही निघत नाही, म्हणून काहीच घडत नाही, हा तर्क चुकीचा आहे. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या व्होरवेल आणि सहकाऱ्यांनी आयबीएस या पोटाच्या चिवट दुखण्याच्या ३० रुग्णांवर चाचणी केली. संमोहन उपचार घेतलेल्यांना उरलेल्यांपेक्षा स्पष्ट आराम पडला. चाचणी छोटी, पण पुढे त्या दिशेने बरंच काम झालं. ब्रिटनमधली 'नाइस' ही संस्था वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी या उपचाराचा विचार करा, असं सांगते. वेदना कमी करण्यातही त्याचा उपयोग दिसतो. उलट, ज्याची जाहिरात सर्वांत जोरात असते त्या सिगारेट सोडवण्याबाबत, इतर उपायांपेक्षा तो सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही.

इथे एक चिठ्ठी आली आहे: 'सामर्थ्य रुग्णातच असेल, तर गुण न येणं हा त्याचाच दोष का?' फार चांगला प्रश्न. उत्तर आहे, नाही. सूचना घेण्याची क्षमता माणसामाणसांत कमी-जास्त असते. वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये स्टॅनफर्डला तिच्या मोजमापाची पट्टीच तयार केली. वर्षांनंतर मोजली तरी ती फारशी बदलत नाही. सुराचा कान असतो ना, तसं. ज्याला ती कमी, तो हट्टी नव्हे. ज्याला जास्त, तो दुबळ्या मनाचा नव्हे. 'तुमची श्रद्धा कमी पडली' असं सांगणारा उपचारक फी स्वतः घेतो आणि अपयश तुमच्या पदरात टाकतो. त्याच्या दाराशी पुन्हा जाऊ नका.

मग जायचं कोणाकडे? एक साधी कसोटी सांगतो. विचारा, 'संमोहन बाजूला ठेवलं, तर माझ्या या दुखण्यावर उपचार करण्याचं शिक्षण तुम्ही घेतलं आहे का?' दातांचं दुखणं असेल तर तो दंतवैद्य हवा, नैराश्य असेल तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ. संमोहन हे त्याच्या हातातलं एक साधन असावं, त्याची एकमेव पदवी नव्हे.

पुतळ्यापाशी गेलात तर एवढंच करा. सगळे त्या पसरलेल्या हातांकडे बघतात. तुम्ही जरा त्या स्त्रीकडे बघा. फारियांना जे सांगायचं होतं, ते तिच्यापाशी आहे.

आता प्रश्न घेऊ.