‘यांत्रिक तुर्क’ : एका व्यापारी नावाचा अर्थविचार

व्यापारी नाव हे केवळ ओळखचिन्ह असते, त्यास स्वतंत्र अर्थ नसतो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु असे नाव एखाद्या मानवसमूहावरून घेतलेले असेल, तर हे मत तपासून पाहणे अवश्य ठरते. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘मेकॅनिकल टर्क’, म्हणजे ‘यांत्रिक तुर्क’, या सेवेचे नाव या दृष्टीने उद्बोधक आहे.

मूळचा ‘तुर्क’ हे बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र होते. वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने ते १७७० मध्ये व्हिएन्ना येथे सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारात दाखविले. पेटीमागे पगडी व झगा ल्यालेली लाकडी आकृती बसविलेली असे. पेटीच्या आत मात्र एक जिवंत खेळाडू दडलेला असे. ही आकृती तुर्काचीच का असावी? व्हिएन्नास १६८३ मध्ये तुर्कांचा वेढा पडला होता. शतकभराने त्या भयाची जागा कुतूहलाने घेतली होती. पौर्वात्य मनुष्य गूढ व निर्विकार असतो, या रूढ कल्पनेमुळे लाकडी मुद्रेतील भावशून्यता प्रेक्षकांस खटकली नसावी. वेष हा येथे अलंकार नव्हे, फसवणुकीचाच एक भाग होता.

२००५ च्या सेवेत संगणकास न साधणारी लहान लहान कामे दूरदूरच्या माणसांकडून करवून घेतली जात. कंपनीने तिचे वर्णन ‘कृत्रिम कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे केले. आत माणूस आहे, हे नावच कबूल करते, असा या नावाचा बचाव करता येईल. आणि तेवढ्यापुरता तो ग्राह्यही आहे. वापराने शब्दातील मूळ प्रतिमा झिजते, हा दुसरा आक्षेपही विचारार्ह आहे. मराठीत ‘तरुण तुर्क’ म्हणताना कोणास तुर्कस्तान आठवते?

तथापि या दोन प्रयोगांत मूलभूत भेद आहे. ‘तरुण तुर्क’ हा प्रयोग १९०८ च्या ऑस्मानी राज्यक्रांतीतील तरुणांवरून आला. तेथे तुर्क हा कर्ता आहे. ‘यांत्रिक तुर्क’ या नावात तो करण आहे, दुसऱ्याच्या हातचे साधन. प्रतिमा झिजली तरी हा कारकसंबंध झिजत नाही. या नावापासून ‘टर्कर’ हा शब्द साधला गेला आणि तो काम करणाऱ्यांनाच लावला गेला. काम देणाऱ्यासमोर मात्र ते अक्षरे व अंक यांच्या एका संकेतानेच येत.

या काम करणाऱ्यांत अमेरिकनांच्या खालोखाल भारतीयांचा भरणा होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. जुन्या यंत्रात मुखवटा पौर्वात्याचा आणि आतील खेळाडू युरोपीय असे. नव्या व्यवस्थेत मुखवट्याचे केवळ नाव उरले आणि आशियातील माणूस प्रत्यक्ष पेटीत येऊन बसला. एखाद्या समाजाची अवहेलना करण्यास व्यंगचित्रच लागते असे नाही. त्याचे नाव करणाच्या स्थानी योजले तरी पुरते. म्हणून अशा नावांची चिकित्सा करताना त्यांतील शब्द कोणता, एवढेच पाहून भागणार नाही. त्या शब्दास वाक्यात कोणते कारक दिले आहे, हेही पाहिले पाहिजे.