‘घरच्यासारखं’ म्हणजे किती?

पुण्यात भाड्याने राहायला लागून मला अकरा वर्षं झाली. या काळात चार घरं बदलली. त्यातल्या तिसऱ्या घरातली गोष्ट. एका संध्याकाळी ऑफिसातून परत आले, तर सकाळी बंद केलेली खिडकी उघडी होती, ओट्यावरचं दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये गेलं होतं आणि पलंगावर पसरलेले कपडे घडी करून ठेवलेले होते. चोरी झाली नव्हती. उलट घर सकाळपेक्षा नीटनेटकं होतं. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकू दुसऱ्या किल्लीने वर येऊन गेल्या होत्या. विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, “अगं, ढग आले होते. खिडकीतून पाणी येतं का बघायला गेले, तर पसारा दिसला. आवरून टाकला. तू काही परकी आहेस का? घरच्यासारखीच तर आहेस.”

मी “थँक्यू काकू” म्हणाले. दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. पण त्या घड्यांमध्ये माझी अंतर्वस्त्रं होती. उशाशी मी लिहीत असलेली वही होती आणि ती आता टेबलावर होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. राग आला होता, पण तो कुणावर करायचा हे कळत नव्हतं. ज्या बाईने माझे कपडे आवरले, दूध नासू दिलं नाही, तिच्यावर रागवायला आपल्याकडे शब्दच नाही, असं वाटलं.

शब्द नसला की मी पुस्तकांकडे आणि सिनेमांकडे जाते. भाडेकरूच्या बंद दाराबद्दल मराठीत कुणी काय म्हणून ठेवलंय, ते शोधू लागले. त्या शोधातून हा लेख झाला.

सगळ्यात आधी आठवला तो अर्थातच ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकरांचा 1988 सालचा हा सिनेमा हृषिकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे. आपल्यापैकी अनेकांना तो तोंडपाठ आहे. चार तरुण, पुणे शहर आणि राहायला जागा नाही. लीलाबाई काळभोरांकडे जागा आहे, पण ती जोडप्यांसाठी. मग दोघे बायका होतात आणि पुढचं सगळं घडतं. हा सिनेमा मी लहानपणापासून हसत पाहत आले. त्या आठवड्यात पुन्हा पाहिला, तेव्हा हसू आलंच, पण या वेळी नजर घराच्या दारावर राहिली. या सिनेमात भाडेकरूचं दार खऱ्या अर्थाने कधी बंद होत नाही. घरात किती माणसं आहेत, त्यांचं एकमेकांशी नातं काय, नवरा कोण आणि बायको कोण, हे सगळं घरमालकाला माहीत असायलाच हवं, हे कथेने गृहीत धरलेलं आहे. त्या गृहीतकाला कुणी आव्हान देत नाही. फक्त त्याला फसवायची युक्ती काढतात.

यातला कळस म्हणजे पार्वतीचं डोहाळजेवण. लक्ष्मीकांत बेर्डे पोटाशी गाठोडं बांधून बसलेत, बायका गाताहेत, नाचताहेत. विनोद म्हणून हा प्रसंग अजूनही बिनतोड आहे. पण काय चाललंय ते बघा. भाडेकरणीला दिवस गेलेत ही बातमी अख्ख्या घराची होते. तिच्या पोटावर, तिच्या खाण्यापिण्यावर सगळ्यांचा प्रेमळ हक्क प्रस्थापित होतो. सोंग उघडं पडेल ही भीती त्या दृश्यात आहेच, पण ज्या भाडेकरणीचं पोट खरं असतं, तिचंही तिथे काही चाललं नसतं. आपण हसतो ते पोट खोटं आहे म्हणून. ते खरं असतं, तर तो प्रसंग आपल्याला निव्वळ गोड वाटला असता. माझ्या कपड्यांच्या घड्यांसारखा.

लीलाबाई वाईट नाहीत, हेच या सिनेमाचं बलस्थान आहे. आणि माझ्या मते तीच त्याची मर्यादाही आहे. प्रेमळ घरमालकीण असली की प्रश्न संपतो, असं तो सुचवतो. शेवटी सोंग गळून पडतं आणि सगळं गोड होतं. पण चार अविवाहित पोरांना घर का मिळू नये, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

असंच सोंग घेतलेला दुसरा एक माणूस मराठीत त्याच्या पंचवीस वर्षं आधी येऊन गेला होता. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या 1963च्या संग्रहातल्या शीर्षककथेचा निवेदक. रेल्वेतल्या नोकरीसाठी तो परगावी जातो. तिथे डोक्यावर छप्पर हवं आणि माणसासारखी वागणूक हवी, म्हणून तो आपली जात सांगत नाही. पुढे ती उघड होते आणि त्याला मार खावा लागतो. ‘बनवाबनवी’ आणि ही कथा कुणी एका दमात वाचत-पाहत नाही. मी ती तशी पाहिली आणि हादरले. दोन्हींचा सांगाडा एकच आहे. राहायला जागा पाहिजे, जागेसाठी स्वतःबद्दलची एक गोष्ट लपवायची, आणि ती बाहेर येईपर्यंत जीव मुठीत धरून जगायचं. एकीकडे शेवटी लग्नं होतात, दुसरीकडे मारहाण. हा फरक लेखकांच्या स्वभावातून आलेला नाही. काय लपवावं लागतं, त्यावरून तो ठरतो.

बागुलांच्या शीर्षकातला ‘चोरली’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःची माहिती स्वतःपाशी ठेवणं म्हणजे चोरी! म्हणजे ती माहिती मुळात दुसऱ्याच्या मालकीची आहे. आजही घर बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा ‘नॉनव्हेज करता का?’ हा, आणि तिसरा, बाई एकटी असेल तर, ‘मित्रबित्र येतात का?’ हा. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची असते, ते मी समजू शकते. तिथे ओळखपत्र, फोटो, मूळ पत्ता लागतो. पण माझ्या कढईत काय शिजतं, हे कुठल्याही फॉर्मवर नसतं. ते विचारलं जातं आणि खोटं सांगितलं तर खोटारडी मी ठरते.

तिसरी कलाकृती सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही 2006 सालची कादंबरी. तिचं जेरी पिंटोंनी इंग्रजी भाषांतर केलं आणि पुढे कुंडलकरांनी स्वतःच तिच्यावर सिनेमा केला. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. कादंबरीचा पहिला भाग तनयचा आहे, दुसरा अनुजाचा. त्या पाहुण्याला नाव नाही.

या पुस्तकावर प्रेमाची, समलैंगिकतेची, कुटुंबातल्या घुसमटीची म्हणून पुष्कळ चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. मी मात्र ते या वेळी घरमालकाच्या मुलांचं पुस्तक म्हणून वाचलं. तसं वाचलं की दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे भाडेकरूला इथे आवाज नाही. त्याची खोली, त्याच्या वस्तू, त्याचं शरीर, त्याच्या सवयी हे सगळं आपल्याला त्या घरातल्यांकडून कळतं. तो स्वतः काहीच सांगत नाही, आणि न सांगता जातो. कादंबरीच्या बांधणीनेच त्याचं खासगीपण राखलंय असंही म्हणता येईल. त्याच्याबद्दल एवढं बोलूनही तो कुणाच्या हाती लागत नाही. पण त्याची बाजूही आपल्याला कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. त्या अख्ख्या घरात खरीखुरी खासगी जागा एकच आहे, आणि ती भाडेकरूची खोली. मालकांची मुलं स्वतःच्या घरात जे जगू शकत नाहीत, ते जगायला त्या खोलीत जातात. ज्या घरात मुलांना स्वतःचं दार नाही, त्या घराला भाडेकरूच्या दाराचं मोल कसं कळणार? इथे मला माझ्या काकू वेगळ्या दिसायला लागल्या. त्या मला खरोखरच घरच्यासारखं वागवत होत्या. त्यांच्या घरात कुणीच कुणाचं दार वाजवत नव्हतं, म्हणून माझंही वाजवलं नाही.

आपल्या भाषेतही ही गोष्ट मुरलेली आहे. ‘खासगी’ हा शब्द फारसीतल्या ‘खास’वरून आला. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. होळकरांची खासगी तर प्रसिद्धच आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एकांत नसून मालकी आहे. ज्याची मालमत्ता, त्याचं खासगी. भाडेकरूच्या वाट्याला ‘बिऱ्हाड’ आलं. ते पाठीवर असतं, आणि त्याला दार नसतं.

कायद्याने मात्र ही फोड वेगळी केली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999चा, तो 31 मार्च 2000पासून लागू झाला. त्याच्या 28व्या कलमानुसार घरमालकाला जागेची पाहणी करता येते, पण वाजवी वेळी आणि आधी कळवून. भाडेकरूलाच नव्हे, तर लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही तसं कळवायला हवं. एका ओळीचं हे कलम मी वाचलं, तेव्हा मी अकरा महिन्यांच्या चौथ्या करारावर सही केलेली होती, आणि तोवर कुठल्याही एजंटने ते मला सांगितलेलं नव्हतं. केंद्र सरकारने 2021 साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात किमान 24 तास आधी नोटीस, येण्याचं कारण आणि वेळ, सूर्योदयाआधी व सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, इतकं स्पष्ट लिहिलंय. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो निकाल मोठाच आहे, पण त्याचा रोख प्रामुख्याने सरकारकडे आहे. दुसरी किल्ली सरकारकडे नसते, काकूंकडे असते.

म्हणून मला वाटतं, या बाबतीत कायद्याइतकंच काम गोष्टींना करायचं आहे. हक्क कागदावर असतो, पण तो मागायचा कसा, कुठल्या आवाजात, नातं न तोडता, हे माणूस गोष्टींतून शिकतो. आणि इथे आपलं साहित्य मला अपुरं वाटलं. वर उल्लेखलेल्या तिन्ही कलाकृती मला प्रिय आहेत. पण एकीत भाडेकरू फसवतो, दुसरीत लपवतो आणि तिसरीत नाहीसा होतो. दारात उभं राहून, मालकाच्या डोळ्यांत बघून ‘येण्याआधी विचारा’ असं म्हणणारा भाडेकरू या तिन्हींत नाही. ‘बटाट्याची चाळ’ वाचून वाढलेल्या आपल्याला तो तुसडा वाटेल, अशी भीती लेखकांनाही वाटत असावी. एकमेकांच्या घरात डोकावणं ही चाळीची ऊब होती, हे खरंच. पण ती ऊब आठवणारे बहुतेक जण आता दाराला आतून दोन कड्या असलेल्या फ्लॅटमध्ये राहतात.

मी ते वाक्य म्हटलं, पण लगेच नाही. करार संपायला आला तेव्हा. नव्या करारात एक ओळ घालू या, असं मी काकूंना म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे मी आता नोटीस देऊन वर यायचं? माझ्याच घरात?” मी म्हणाले, “काकू, नोटीस नको. एक फोन करा, बास. मी नसेन तेव्हा येऊ नका.” त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लग्न होऊन या घरात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. आमच्या खोलीला आतून कडी नव्हती. सासूबाई कधीही यायच्या. मी कधी काही म्हटलं नाही.” आवाजात राग नव्हता. तक्रार होती, पण ती माझ्याविरुद्ध होती की सासूबाईंविरुद्ध, ते मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही नसावं.

ती ओळ करारात गेली. दोनेक महिने काकू तुटक वागल्या, चकल्या वर आल्या नाहीत. जे मिळालं त्याची ही किंमत होती आणि ती मला लागली, हे कबूल करते. मग एका दुपारी फोन वाजला. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर केलेला. “घरी आहेस का गं? वर येऊ का?” मी “या ना” म्हटलं. त्या आल्या, आत आल्यावर त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं, आणि तासभर बसल्या. सुनेबद्दल बोलल्या, जे त्या खाली बोलू शकत नव्हत्या.

मराठीत कुणीतरी या फोनची गोष्ट लिहायला हवी.