मंजुळेचा ‘न’

आसनगाव लोकल टिटवाळ्यापर्यंत खच्चून भरलेली असते. खडवली गेलं की कुठे टेकायला जागा मिळते, मग पुस्तक काढता येतं. पु. ल. देशपांड्यांची ‘ती फुलराणी’ मी अशीच वाशिंदच्या अलीकडे-पलीकडे तुकड्यातुकड्यांनी वाचली. एकटीच हसत होते. समोरच्या काकूंनी दोनदा वळून बघितलं.

नाटक वाचायचं नसतं, बघायचं असतं, हे मान्य. पण शहापूरकरांना नाटक म्हणजे कल्याणचं अत्रे रंगमंदिर, आणि रात्रीचा प्रयोग संपल्यावर परतीची गाडी पकडणं हे दुसरंच नाटक. म्हणून आम्ही आधी वाचतो.

फुलं विकणारी मंजुळा आणि तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवायची पैज घेणारा प्राध्यापक. १९७५ साली रंगमंचावर आलेलं आणि भक्ती बर्वेंनी गाजवलेलं हे नाटक बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून (१९१३) घेतलेलं. शॉने ते घेतलं ऑव्हिडच्या कथेवरून : एक शिल्पकार स्वतःच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो. शॉने आपल्या नाटकाला ‘रोमान्स’ म्हटलं खरं, पण नायक-नायिकेचं लग्न काही लावलं नाही. १९१४ च्या लंडनच्या प्रयोगांत प्राध्यापक झालेला नट शेवटी तिच्याकडे फुलं फेकायला लागला, तेव्हा शॉ भयंकर वैतागला. पुढे १९१६ मध्ये त्याने उपसंहार लिहून तिचं लग्न दुसऱ्याच मुलाशी लावून टाकलं. प्रेक्षकांच्या हट्टाशी एवढं भांडणारा लेखक मला तरी आवडतो.

पुलंपुढची अडचण वेगळी होती. लंडनमधला उच्चार माणसाचा वर्ग सांगतो. मराठीत ‘ण’ गाव सांगतो, शाळा सांगतो आणि पुष्कळदा जातही. या तिसऱ्या गोष्टीच्या जवळून नाटक हलकेच निघून जातं असं मला वाटतं. त्यामुळे ते हसरं राहतं, आणि त्यामुळेच कुठेतरी थोडं भित्रंही.

माझी मावसबहीण मुरबाडकडची. दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही ओट्यावर बसून नाटक मोठ्याने वाचलं. मंजुळा तिने घेतली आणि तिला अभिनय करावाच लागला नाही, ‘पानी’ तिच्या तोंडी असतंच. गंमत अशी की पहिल्या प्रवेशांत कुणी हसेचना. आजी तर मधेच म्हणाली, “हिचं चुकतंय काय?” मग आम्ही भूमिका बदलल्या. बहिणीने प्राध्यापकाचे संवाद नाकात बोलून असे काही वाचले की आजी डोळे पुसेपर्यंत हसली. सुरुवातीचा निम्मा विनोद पुस्तकात नाहीच, तो सभागृहातल्या कानांत आहे, हे मला त्या ओट्यावर कळलं.

मंजुळेच्या त्या प्रसिद्ध स्वगताला मात्र उच्चारांची गरज पडली नाही. चीड, लय आणि सूडाची स्वप्नं, सगळं तिच्या आवाजात बसलं. हे स्वगत स्पर्धांमध्ये मी किती वेळा ऐकलंय! मुली आधी आपला ‘ण’ काढून ठेवतात, ‘न’ दागिन्यासारखा घालतात, बक्षीस घेतात आणि खाली उतरताना काढून टाकतात.

मला तो काढता आला नव्हता. कल्याणच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ‘पानी’ म्हणाले आणि मागचा बाक हसला. वर्षभरात मी सुधारले. आता घरी ‘पाणी’ मागितलं की आजी म्हणते, “आली शहरवाली.” शिकून झाल्यावर या मुलीने जायचं कुठे, हा शॉचा प्रश्न म्हणूनच मला थट्टेचा वाटत नाही. पुलंनी तो हसवता हसवता विचारलाय, आणि त्या एका प्रश्नासाठी मी त्यांना पहिल्या अंकातले सोपे हशे माफ करते.

पुस्तक बहीण एसटीतून मुरबाडला घेऊन गेली, अजून परत आलेलं नाही. परवा तिचा फोन आला. नोकरीची मुलाखत आहे, जरा माझं बोलणं ऐकशील का, म्हणाली. तासभर मी तिचे ‘ण’ ऐकले. दोनदा दुरुस्तही केले.