लाठीचार्ज : एका शब्दाची झडती

दहावीच्या मुलांना मी इंग्रजीच्या तासाला एक वाक्य मराठीत उतरवावयास दिले होते. वाक्यात पोलीस होते, जमाव होता आणि 'चार्ज' हे क्रियापद होते. मागच्या बाकावरील एका मुलाने लिहिले, 'पोलिसांनी गर्दीकडून पैसे घेतले.' वर्ग हसला, मीही हसलो. तांबड्या शाईचे पेन काढले आणि थबकलो. पोराचे तसे चुकले तरी काय? दवाखान्यात 'चार्ज' किती म्हणून विचारतात, पिठाच्या गिरणीत दळणाचा 'चार्ज' वाढल्याची पाटी लागते. घरात मोबाईल 'चार्ज'ला लावतात. तेरा वर्षांपूर्वी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो तेव्हा मी शाळेचा 'चार्ज' घेतला, असेच सारे म्हणाले. कोर्टात जाते ते 'चार्जशीट'. आणि रस्त्यावर होतो तो लाठीचार्ज. एका शब्दाने एवढी घरे धरल्यावर मुलाने चुकीच्या दाराची कडी वाजवली, तर त्याला काय बोलावे!

हा शब्द मूळचा गाडीवानाचा आहे. लॅटिनमध्ये गाडीला 'कारुस' म्हणत. गाडीत ओझे भरणे हा त्यापासून निघालेल्या क्रियापदाचा पहिला अर्थ. ओझ्यावरून जबाबदारी आली, जबाबदारीवरून आरोप आला, आरोपाशेजारी किंमतही येऊन बसली. बंदुकीत दारू भरणे हेही 'चार्ज'च. पुढे घोडदळ शत्रूवर चालून गेले, तेही याच शब्दात मावले. म्हणजे मारामारीचा अर्थ या शब्दाच्या घरी बराच उशिरा आलेला पाहुणा आहे. आपल्याकडे मात्र तो आला तो थेट लाठी हातात घेऊनच.

शब्दाची एवढी झडती घेण्याचे कारण आमच्या गावातच आहे. २८ ऑगस्ट २०२० च्या पहाटे पिरनवाडीच्या चौकात संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा उभा राहिला. मराठी रहिवाशांनी हरकत घेतली, दोन्ही बाजूंचे लोक जमले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. अखेर तडजोड झाली : पुतळा राहिला आणि चौकाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. रायण्णा ब्रिटिशांशी लढले आणि १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेले. हे नंदगड खानापूर तालुक्यातले. त्याच १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी कोश प्रथम छापून आला. एका बाजूला कंपनी सरकार माणूस फासावर देत होते आणि दुसरीकडे त्याच सरकारचा एक लष्करी अधिकारी आमचे शब्द एकेक करून वेचीत होता. असो. हे विषयांतर झाले.

त्या दिवसांतील कात्रणे मी ठेवली आहेत. येळ्ळूरची २०१४ ची कात्रणेही आहेत. त्या जुलैत 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक हटवला गेला आणि पाठोपाठ पोलिसांनी घराघरांत शिरून मारल्याच्या तक्रारी झाल्या. पिरनवाडीहून येळ्ळूर शेजारीच आहे, त्यामुळे ती बातमी आम्हांला कोणी वाचून दाखवावी लागली नाही. परंतु कात्रणे एकत्र ठेवून वाचली की व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट बोचते. वाक्य कोणत्याही दैनिकाचे असो, साचा एकच : 'जमावाला पांगविण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला.' यातील 'करावा लागला' बारकाईने पाहा. मराठीचे हे मोठे सोयीचे लेणे आहे. 'मला जावे लागले' म्हटले की जाणाऱ्याची इच्छा गळून पडते आणि नाइलाज उरतो. 'पोलिसांनी मारले' या वाक्यात कर्ता सरळ उभा असतो. 'पोलिसांना मारावे लागले' म्हटले की कर्त्याची विभक्ती बदलते, त्याच्यावर कोणीतरी काहीतरी लादल्यासारखे होते, आणि लादणारा अर्थातच जमाव. शिवाय 'सौम्य'! ताप सौम्य असतो, हवामान सौम्य असते. पाठीवर उमटलेला वळ सौम्य की तीव्र, हे पाठीला विचारून ठरत नाही, ते बंदोबस्ताच्या अहवालात ठरते. कन्नड दैनिकांतही हेच चालते. तेथे 'लघु लाठी प्रहार' असतो. भाषेचा एवढा मोठा वाद आणि विशेषणाच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत, ही गंमत आहे खरी.

आता दुसरा शब्द घेऊ. 'असॉल्ट'. हाही लॅटिन घराण्यातला. मूळ अर्थ अंगावर उडी घेणे. 'इन्सल्ट' हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांच्याही पोटात उडीच आहे. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा केलेली, १८६० मध्ये कायदा झालेली आणि १८६२ पासून लागू झालेली भारतीय दंड संहिता आपण दीडशेहून अधिक वर्षे वापरली. तिच्या ३५१ व्या कलमात 'असॉल्ट'ची व्याख्या होती. कायद्याच्या मराठी अनुवादात त्याला 'हमला' म्हटले आहे. आपल्याला हमला म्हटले की रक्त, टाके, दवाखाना दिसतो. व्याख्या मात्र सांगते की स्पर्शही होण्याची गरज नाही. समोरच्याला आता बळ वापरले जाणार असे वाटावे, अशी खूण किंवा तयारी केली की पुरे. त्या कलमाच्या उदाहरणांत मूठ उगारणारा आहे, चावऱ्या कुत्र्याचे मुसके सोडू लागलेला आहे, आणि काठी उचलून 'तुला झोडपतो' म्हणणाराही आहे. काठी खाली यायच्या आत गुन्हा पुरा होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, व्याख्या १३० व्या कलमात गेली. अर्थ तोच राहिला.

म्हणजे माणसाने काठी उचलली की 'असॉल्ट' आणि पोलिसाने उचलून मारलीही की 'चार्ज'. कायद्याच्या बाजूने याला उत्तर आहे आणि ते मी टाळीत नाही. बेकायदा जमाव सांगूनही हटला नाही तर बळाने पांगविण्याचा अधिकार जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ व्या कलमाने दिला होता, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो १४८ व्या कलमात आहे. त्यामुळे दोन कृती कायद्याला वेगळ्या वाटतात. हे मान्य. परंतु त्या कलमात 'लाठीचार्ज' हा शब्द नाही. तेथे सरळ 'बळ' म्हटले आहे. बळाला 'चार्ज'चा सदरा चढवला तो बातमीने.

याचा त्रास कोणाला होतो? माझा एक जुना विद्यार्थी एका आंदोलनानंतर हातात कागद घेऊन घरी आला. कागद कन्नडमधला. त्याला कन्नड वाचता येते, पण कोर्टाचे कन्नड नव्हे. त्यात 'हल्ले' हा शब्द त्याने ओळखला आणि त्याचे तोंड उतरले. ''सर, मी कुणाला हातसुद्धा लावला नाही. हल्ला कुठला?'' त्याच्या मराठी कानाला हल्ला म्हणजे डोके फुटणे. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेला 'असॉल्ट', हे जुने ३५३ वे आणि नवे १३२ वे कलम, उगारलेल्या हातालाही लागू शकते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. निदान कशाला उत्तर द्यायचे एवढे कळले. मराठी दैनिके याच कलमाला 'सरकारी कामात अडथळा' म्हणून मोकळी होतात. तेवढ्याने पोरांना वाटते, रस्त्यात उभे राहिल्याची केस आहे, सुटू. कागदातल्या शब्दाने माणूस घाबरतो आणि बातमीतल्या शब्दाने गाफील राहतो. दोन्हींत अर्थ तेवढा हुकतो.

आमच्या जुन्या भाषेला या कामासाठी शब्द कमी नव्हते. चालून जाणे, तुटून पडणे, हल्ला चढविणे, छापा घालणे, एल्गार करणे. 'हमला' अरबीतून आला, 'एल्गार' तुर्कीचा, पण बखरकारांनी दोन्ही आपलेसे केले. हिंदीत 'हल्ला' म्हणजे गोंगाटही, मराठीत तो सरळ मारच. या सगळ्यांची एक खोड आहे : कोण, कोणावर, हे सांगितल्याशिवाय ती पुढे सरकत नाहीत. 'चालून गेले' म्हटले की वाचक विचारणारच, कोण गेले? 'लाठीचार्ज झाला' म्हटले की कोणी विचारीत नाही. पाऊस झाला, लग्न झाले, लाठीचार्ज झाला.

मात्र सारा दोष पोलिसांच्या पदरात टाकून मोकळे होणे मला जमत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले. आपल्या वाहनावर दगड पडला की आपण 'भ्याड हल्ला' लिहितो. आपल्या बाजूच्या हाताने काळे फासले की 'संतप्त प्रतिक्रिया उमटली' होते. प्रतिक्रिया आपोआप कशी उमटते, कोण जाणे! पाण्यावर तरंग उमटावा तशी. येथेही कर्ता पळालेलाच, फक्त या वेळी आम्ही त्याला मागच्या दाराने सोडला.

त्या मुलाच्या वहीत मी शेवटी चूक अशी खूण केली नाही. 'येथे अर्थ वेगळा' एवढे लिहिले आणि अर्धा गुण दिला. पुढच्या आठवड्यात वर्गात जुनी कात्रणे वाटली आणि सांगितले, प्रत्येक वाक्यातला 'झाला', 'उमटली', 'करावा लागला' खोडा आणि कोणी काय केले ते लिहा. अर्धा तास वर्गात पेनांचा आवाज तेवढा होता. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा उठला. ''सर, दगड आपल्या लोकांनी मारले असतील तर तेपण लिहायचं काय?''

''लिही,'' म्हटले.

तो खाली बसला आणि शेजाऱ्याकडे खोडरबर मागू लागला.