सोनोग्राफीत रक्त काळे का दिसते?

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात (2017) ध्वनीच्या पाठात सोनोग्राफीला एक छोटा परिच्छेद मिळाला आहे. प्रोब, कातडी व प्रोब यांच्यामध्ये लावायची जेली, आतील अवयवांवरून परत येणारा श्राव्यातीत ध्वनी, संगणकावर उमटणारी प्रतिमा आणि या तंत्राच्या गैरवापराविषयी दोन शब्द असा हा मजकूर आहे. यात चुकीचे काही नाही. तरीही बीड जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाने हा परिच्छेद वर्गात शिकवला तर मुलांच्या हाती काय पडेल, हा प्रश्न मला पडतो. माझ्या मते एक गैरसमजच पडेल. सोनोग्राफी म्हणजे पोटाच्या आत नेलेला कॅमेरा, हा तो गैरसमज.

बीडचे नाव मुद्दामच घेतले आहे. 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या या जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत 894 होती. ती 2011 मध्ये 807 वर आली. राज्यातील हा सर्वांत कमी आकडा होता. परळीत 2012 साली बेकायदा गर्भपातात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात डॉक्टर दांपत्याला 2019 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला होता. केंद्राचा कायदा 1994 चा आहे. म्हणजे कायदा होता, ताकीदही होती. पुस्तकात ती छापली हे योग्यच झाले. पण भौतिकशास्त्र एका बाजूला आणि उपदेश दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे. विद्यार्थी उपदेश पाठ करतो, परीक्षेत लिहितो, आणि यंत्राविषयी त्याची समजूत होती तशीच राहते.

या समजुतीची किंमत केवळ मुलींच्या जन्मापुरती नाही. याच जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची 2019 मध्ये शासकीय समितीमार्फत पाहणी झाली. तेव्हा 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ असे सांगून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्या वेळी वर्तमानपत्रांत आल्या. कारणे अनेक होती. दारिद्र्य होते, मुकादमाची उचल होती, खाड्याचा दंड होता, आणि डॉक्टरांचा लोभही होता. पण काळ्यापांढऱ्या कागदावर बोट ठेवून ‘हे बघा’ म्हटले की माणूस निमूट होतो, कारण त्याला तो फोटो वाटतो. फोटोशी वाद कसा घालणार?

ती प्रतिमा फोटो नाही हे मुलांना पटवण्यासाठी एक फार चांगले उदाहरण आहे, आणि पुस्तकाने ते सोडून दिले आहे. ते उदाहरण म्हणजे रक्त.

पुस्तकाप्रमाणे ध्वनी आतील अवयवावर आदळतो आणि परत येतो. मग रक्ताचे काय? एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे 50 लाख तांबड्या पेशी असतात. आदळायला एवढे काही असताना रक्तवाहिनीची पोकळी सोनोग्राफीत काळी दिसते, साध्या पाण्यासारखी! चौकस विद्यार्थी हे विचारणारच. त्याचे उत्तर तरंगलांबीत आहे. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर असतो. वारंवारता 3.5 मेगाहर्ट्झ घेतली तर तरंगलांबी 0.44 मिलिमीटर येते. तांबडी पेशी असते 7 ते 8 मायक्रोमीटर रुंद, म्हणजे तरंगलांबीच्या जवळजवळ साठाव्या भागाएवढी. एवढ्या लहान कणावरून आरशासारखे परावर्तन होत नाही. तो कण लाटेचा अगदी थोडा अंश चहूकडे विखुरतो. आकाश निळे का, हे शिकवताना आपण ज्या रॅलेचे नाव घेतो त्याचाच नियम इथेही लागू पडतो. विखुरलेली ऊर्जा वारंवारतेच्या चौथ्या घाताच्या आणि कणाच्या घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

घनफळाच्या वर्गातच खरी गंमत आहे. रक्त संथ झाले की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. रक्तद्रवातील फायब्रिनोजेन व ग्लोब्युलिन ही प्रथिने यास मदत करतात. समजा, दहा पेशींची एक चळत झाली. तिचे घनफळ दहापट, म्हणून तिच्याकडून होणारे विकिरण शंभरपट. पण चळतींची संख्या पेशींच्या एकदशांश. एकूण विकिरण दहापट! रक्तात पेशींची दाटी असल्याने प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा हीच. म्हणून काळी पोकळी करडी दिसू लागते. उभ्या माणसाच्या पायातील मोठ्या शिरेत असा संथ फिरणारा करडा धूर दिसतो आणि पोटरी दाबून प्रवाह वाढवला की तो पांगतो, कारण वेगाच्या फरकाने चळती मोडतात. हृदयाची मिट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णाच्या डाव्या अलिंदातही असा धूर दिसतो. डॉक्टर त्याला धूरच म्हणतात. तेथे गुठळी होण्याचा धोका वाढल्याची ती खूण असते.

तेच शरीर, तीच शीर, तेच रक्त. रंग मात्र दोन. इतकेच काय, वारंवारता दुप्पट केली तर विकिरण सोळापट होते, आणि यंत्राचे एक बटण फिरवूनही पडद्यावरचा उजेड कमीजास्त करता येतो. प्रतिमेतील करडेपणाला अर्थ असतो, पण तो ध्वनी कशाने व किती विखुरला याचा अर्थ असतो. तो लावावा लागतो. हे ज्याला नववीत कळले तो पुढे ‘गाठ’ हा शब्द ऐकून निदान दुसरा प्रश्न तरी विचारील.

पेशींच्या या चळतींचा शोध घेण्याचा इतिहासही वर्गात सांगण्याजोगा आहे. स्वीडनच्या रॉबिन फाहरेउस यांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील पेशी लवकर खाली बसतात असे दिसले होते. गर्भधारणेची चाचणी म्हणून याचा उपयोग होईल, असे त्यांना वाटले. ती चाचणी काही टिकली नाही, पण 1921 च्या त्यांच्या विवेचनातून ईएसआर या तपासणीमागचे कारण स्पष्ट झाले. पुढे के. कर्क शुंग व सहकाऱ्यांनी 1976 मध्ये रक्तातील श्राव्यातीत ध्वनीच्या विकिरणावर काम प्रसिद्ध केले. कॅनडात माँट्रियल येथे गी क्लूतिए यांच्या गटाने चळतींचा आकार ध्वनीवरून मोजण्याचे प्रयत्न केले. सुई न टोचता ईएसआरसारखी माहिती मिळावी, ही त्यामागची एक आशा. रोजच्या तपासणीत ही पद्धत अजून आलेली नाही. वाटेतील कातडी, चरबी व स्नायू ध्वनी शोषतात आणि त्याचा हिशेब जुळवणे अवघड जाते.

पुस्तकांवर आणखी एक आक्षेप आहे, आणि तो शब्दांचा. चळत होणे, रक्त गोठणे आणि रक्तगट तपासताना काचपट्टीवर पेशींचे पुंजके होणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीत मात्र आपण तिन्हींना ‘गुठळ्या’ म्हणून मोकळे होतो. गोठण्यात फायब्रिनचे जाळे तयार होते. रक्तगटाच्या पुंजक्यांत प्रतिपिंडे पेशींना बांधून ठेवतात. चळती मात्र हलक्या हाताने मोडतात. मिठाचे सलाईन घातले की त्या सुटतात, रक्तगटाचे पुंजके सुटत नाहीत. तिघांना तीन शब्द हवेत. ‘चळत’ हा घरातलाच शब्द आहे. तो पुस्तकात घ्यायला हरकत नसावी.

वर्गात सोनोग्राफी यंत्र आणता येत नाही. नोंदणी नसलेल्या जागी ते विकताच येत नाही, आणि बीडमध्ये तर हा निर्बंध हवाच. पण चळतीमागचे तत्त्व दाखवायला यंत्र लागत नाही. टँकरचे गढूळ पाणी दोन उंच काचेच्या ग्लासांत घ्यावे आणि एकात तुरटी फिरवावी. दर पाच मिनिटांनी नितळ पाण्याच्या थराची उंची पट्टीने मोजून आलेख काढावा. तुरटीच्या ग्लासातले बारीक कण एकत्र येतात व झपाट्याने बसतात. ईएसआरच्या नळीत चळतींमुळे पेशी लवकर बसतात, त्यामागेही ‘मोठा पुंजका, जास्त वेग’ हेच कारण आहे. मग मुलांना विचारावे: बैलाच्या रक्तात अशा चळती जवळपास होत नाहीत आणि घोड्याच्या रक्तात फार होतात, तर दोघांची सोनोग्राफी केल्यास कोणाची शीर अधिक करडी दिसेल? आणि बैलाची शीर काळी दिसली, तर तिच्यात रक्त नाही असे म्हणायचे का?