कळ हलली, पकड राहिली

देवालयाचा जीर्णोद्धार करताना शिखर उंचावले, फरशी नवी घातली, तर भाविकाला आनंदच होतो. पण गाभाऱ्याची पायरी वीतभर हलली की रोजचे पाऊल अडखळते. जुना व्हिडिओ खेळ नव्याने घडविणाऱ्यालाही हे पथ्य आहे. चित्रे उजळली तर डोळे सुखावतात. हातातल्या कंट्रोलरवरील कळांची मांडणी बदलली की जुन्या खेळाडूची बोटे परकी होतात.

सुरतेच्या गोडादरा भागात एका मराठी स्नेह्याच्या घरी आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. त्यांचे दोघे मुलगे ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ खेळत होते. फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ साली निघालेला हा जपानी खेळ ब्लूपॉइंट या अमेरिकन संस्थेने २०१८ साली पुन्हा घडविला. सोळा महाकाय प्राण्यांच्या अंगावर चढून त्यांना मारावयाचे, असा त्याचा विषय. मूळ खेळात उडी त्रिकोणाच्या कळीवर, तर पकड आर-१ वर होती. नव्या मांडणीत उडी फुलीवर आली, पकड खालच्या आर-२ वर गेली, आणि त्रिकोण घोड्याला हाक मारू लागला. थोरला उडी घ्यावयास जाई आणि नायक घोड्यालाच हाक मारी! धाकटा हसून म्हणे, “दादा, फुली दाब ना!”

हा बदल आम्हांला अनाठायी वाटत नाही. इतर अनेक खेळांत उडी फुलीवरच असते. नवख्याला ते सोयीचे. आर-२ ची कळ बंदुकीच्या चापासारखी आत ओढली जाते, त्यामुळे मूठ आवळल्याचा भास अधिक होतो. महत्त्वाचे असे की कळ दाबून धरावी तोवरच नायकाने प्राण्याच्या केसांना धरावे, हा मूळचा नियम रचनाकारांनी मोडला नाही. खेळाडूचे बोट शिणते तेव्हा नायकाचेही बळ सरत असते. या खेळातील करुण रस त्या शिणण्यात आहे. एकदा दाबले की पकड कायम, अशी सोय सर्वांवर लादली असती, तर चित्रे राहिली असती, प्राण गेला असता.

मात्र ज्यांच्या बोटांना हे धरणे झेपत नाही, त्यांचे काय? प्लेस्टेशन ४ यंत्रात २०१५ पासून कळांची अदलाबदल करता येते. पण त्याने कळीची जागा बदलते, धरण्याचे श्रम चुकत नाहीत. मूळ नियम जपूनही अशांसाठी वेगळी वाट ठेवणे, हे आम्ही प्रत्येक पुनर्रचनाकाराचे कर्तव्य मानतो.

जुनी मांडणी निवडण्याची मुभा ब्लूपॉइंटने ठेवली, हे त्यांच्या विवेकाचे लक्षण होय. थोरल्याने ती शोधून काढली. दिवसभर भरतकामाच्या यंत्रावर राबलेली त्याची बोटे क्षणभर चाचपडली, मग आपोआप चालू लागली. प्राण्याच्या पाठीवर पोहोचताच त्याने कंट्रोलर धाकट्याच्या हाती दिला. धाकट्याने त्रिकोणाकडे पाहिले आणि विचारले, “आता उडी कुठली?”