मेजावरचे युद्ध आणि विष्णुभटजी

इंग्लंडात एक छंद शंभराहून अधिक वर्षे जोपासला जात आहे. बोटभर उंचीचे सैनिक रंगवावयाचे, टेकड्या व तटबंदी मांडावयाची आणि फासे व मोजपट्टी यांच्या साहाय्याने लढाई खेळावयाची. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात या खेळाचे नियम सांगितले : पायदळाने एका खेपेस एक फूट सरकावे, घोडदळाने दोन. खेळणाऱ्यास खऱ्या युद्धाचा मूर्खपणा उमगावा, असा त्यांचा हेतू होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. वेल्स जमिनीवर खेळत. पुढे खेळ मेजावर आला. १९७८ साली 'गेम्स वर्कशॉप'ने लंडनच्या हॅमरस्मिथ भागात आपले पहिले दुकान थाटले. आज अशा दुकानांत विक्रीच्या फळ्यांशेजारीच खेळावयाची मेजे असतात, आणि अनोळखी गिऱ्हाइके तेथे तासन् तास प्रतिपक्षी होऊन बसतात.

नोकरीनिमित्त झाशीत राहणाऱ्या मराठी वाचकाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, १८५७ च्या रणसंग्रामाचे पुतळेही तेथे विकले जातात आणि तो संग्रामही मेजावर खेळला जातो. यात अवमान शोधण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. उलट, इतिहासग्रंथास न साधणारी एक गोष्ट हा खेळ साधतो : निर्णय वाचकाच्या हाती देतो. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेकाठी तात्या टोपे यांची मोठी फौज का हटली? ह्यू रोजने झाशीचा वेढा न उठविता थोड्या सैन्यानिशी तिला तोंड देण्याचे साहस का केले? दोन्ही बाजूंनी डाव मांडून पाहणाऱ्यास हे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत, सोडवावे लागतात.

तथापि पटावर दोनच पक्ष असतात, आणि येथेच आम्हांस विष्णुभट गोडसे आठवतात. दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये तोफा आहेत, राणीसाहेब आहेत. पण ३ एप्रिलला तट ओलांडला गेल्यावर विलायती पटावरचा डाव जेथे बहुधा संपतो, तेथे त्यांची झाशी सुरू होते. लूट, जाळपोळ, लपलेली माणसे, उद्ध्वस्त ग्रंथसंग्रह. जय कोणाचा, एवढे सांगणाऱ्या नियमांत या गोष्टींना सोंगटी नाही. आमच्या मते हा खेळाच्या रचनेतील वाङ्मयीन दोष आहे. निवेदनातून साक्षीदारच गळला आहे.

मराठी घरांतही मांडणीचा एक खेळ आहे. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, हळीव पेरतात, मावळे उभे करतात. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र शेतकरी असतो, गवळण असते, विहीर असते. परमुलखात बदलीवर आलेली कुटुंबेही अंगणाच्या कोपऱ्यात तो उभारतात. तेथे रयत आहे. पण नियम नाहीत, डाव नाही. किल्ला चार दिवस शोभतो आणि मोडतो; त्यावर कोणास काही ठरवावे लागत नाही.

इंग्रजांचे नियम आणि आपल्या मुलांची रयत ही एकाच पटावर यावीत, अशी आमची सूचना आहे. झाशीचा वेढा मराठीत कोणी मांडणार असेल, तर त्याने शहरवासीयांचीही सोंगटी ठेवावी. वेढ्याचा प्रत्येक दिवस विहिरीच्या पाण्यातून वजा व्हावा. ग्रंथालयाचे एक घर असावे, आणि ते जळल्यावर कोणत्याही दानाने परत मिळू नये. किल्ला जिंकणाऱ्यानेही डावाअखेर ही शिल्लक मोजूनच उठावे.